युद्धपटातली बंदूक ओळखायची तर आधी मॅगझीन बघा

पडद्यावर धूर, चिखल, अंधार आणि पळणारी माणसं. त्या गर्दीत हातातली बंदूक नीट दिसते ती जेमतेम सेकंदभर. तेवढ्यात ती ओळखायची तर नळी किती लांब, लाकूड कुठल्या रंगाचं, असल्या गोष्टींत अडकू नका. गोळ्या बंदुकीत कुठून शिरतात, म्हणजे मॅगझीन (गोळ्यांची डबी) कुठे आहे, तेवढं बघा. वरून, खालून, डाव्या बाजूने, पट्ट्याने, की कुठूनच दिसत नाही? दुसऱ्या महायुद्धातल्या पायदळाची निम्मीअधिक शस्त्रं या एका प्रश्नावर वेगळी होतात. उरलेल्यांसाठी बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा, मागे-पुढे सरकणारा लोखंडी भाग), नळीचं तोंड आणि आवाज आहेत, पण ते नंतर.

सरावासाठी 'द लाँगेस्ट डे' (1962) घ्यावा. 6 जून 1944 चं नॉर्मंडीवरचं आक्रमण, सुमारे तीन तासांची लांबी, आणि अमेरिकन, ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन अशी सगळी सैन्यं एकाच चित्रपटात. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. युद्ध संपून तेव्हा जेमतेम 17 वर्षं झाली होती. अमेरिकन सैन्यात गॅरंड रायफलीची जागा एम-14 घेत होती, ब्रिटिश सैन्यात ली-एनफिल्डच्या जागी एसएलआर आलेली होती. म्हणजे जुन्या रायफली गोदामांतून ढिगाने मिळत. त्यामुळे साठच्या दशकातल्या युद्धपटांत हातातली शस्त्रं बहुधा अस्सल असतात आणि फसवणूक असते ती रणगाड्यांत नि विमानांत. आजच्या चित्रपटांत याच्या उलट होण्याचा संभव जास्त.

कृष्णधवल चित्रणाचा तोटा एकच: पितळेचा रंग दिसत नाही. फायदा असा की आकाररेषा स्वच्छ दिसते, आणि आपल्याला तीच हवी असते.

बसण्याआधी

चित्रपट एकदा कथेसाठी बघून टाका. यातली जर्मन पात्रं जर्मनच बोलतात, त्यामुळे पहिल्या वेळी डोळे खालच्या ओळींवर असतात आणि बंदूक निसटते. दुसऱ्यांदा बघताना व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर ई ही कळ दाबून एकेक फ्रेम पुढे नेता येते. एका सेकंदात 24 फ्रेम असतात. त्यातल्या दोन-तीनच कामाच्या असतात: बंदूक आडवी धरलेली असते ती, आणि सैनिक गोळ्या भरतो ती. समोरून रोखलेल्या बंदुकीवर वेळ घालवू नका. तिथे सगळ्याच सारख्या दिसतात.

वहीत पाच रकाने पुरे. वेळ, कोणाचा सैनिक, मॅगझीन कुठे, बोल्ट हाताने ओढतो की आपोआप चालतो, भरण्याआधी किती गोळ्या झाडल्या. नाव शेवटी लिहायचं. आधी नाव लिहिलं की डोळे पुरावा शोधू लागतात आणि न दिसलेलंही दिसायला लागतं.

सैनिक कोणाचा हे शिरस्त्राणावरून कळतं. अमेरिकन शिरस्त्राण खोल वाडग्यासारखं. ब्रिटिश पायदळाचं पसरट, काठ असलेलं. त्यांच्या पॅराट्रूपरचं मात्र बिनकाठाचं. जर्मन शिरस्त्राण कानांवर आणि मानेवर उतरून बाहेर वळलेलं. यावरून यादी एकदम आखूड होते. अर्थात पकडलेली शस्त्रं दोन्हीकडचे सैनिक वापरत, त्यामुळे अमेरिकन हातात जर्मन बंदूक दिसली की लगेच दिग्दर्शकाची चूक धरून बसू नये.

मॅगझीन वर: ब्रेन

बंदुकीच्या पाठीवर उभं, पुढे झुकलेलं वक्र मॅगझीन दिसलं की ती ब्रेन. नाव ब्र्नो आणि एनफिल्ड या दोन गावांच्या पहिल्या अक्षरांवरून. मूळ आराखडा चेकोस्लोव्हाकियाचा, त्यात बदल करून ती ब्रिटनमध्ये बनली. दुसरी खूण कमी लोकांना माहीत असते: मॅगझीन मधोमध असल्यामुळे नेम धरायची माशी आणि भोक दोन्ही डाव्या बाजूला सरकवलेली आहेत. म्हणून ब्रेन उजव्याच खांद्याला लावतात. पडद्यावर कोणी डाव्या खांद्याला लावून नेम धरताना दिसला तर त्याला समोरचं काहीच दिसत नसणार.

मॅगझीन वक्र का? कारण .303 काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. काडतुसं एकावर एक ठेवली की कडांमुळे बुडाची बाजू जाड होते, टोकाची बारीक राहते, आणि चळत आपोआप वाकते. कडेचा आणखी एक त्रास. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे बसली तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्यात अडकतं आणि बंदूक ठप्प होते. म्हणून ब्रेनचं मॅगझीन घाईत मुठीने कोंबून भरत नाहीत. एकेक काडतूस जागेवर बसवत भरतात. मॅगझीन 30 चं असलं तरी स्प्रिंगवर ताण नको म्हणून साधारण 28 च भरत.

युद्धानंतर हीच ब्रेन 7.62 मिलिमीटरच्या बिनकडेच्या काडतुसासाठी बदलली गेली. तिचं मॅगझीन जवळजवळ सरळ आहे. म्हणजे 1944 च्या प्रसंगात पाठीवर सरळ मॅगझीनची ब्रेन दिसली तर ती काळाच्या बाहेरची. ही खूण लक्षात ठेवा, भारतीय युद्धपटांत पुन्हा उपयोगी पडेल.

मॅगझीन डाव्या बाजूला: स्टेन

एक लोखंडी नळी, मागे तारेचा किंवा पाइपचा दस्ता, आणि डावीकडे आडवं बाहेर आलेलं मॅगझीन. ही स्टेन, 9 मिलिमीटरची. हिच्याइतकी सोपी ओळख दुसऱ्या कुठल्याच शस्त्राची नाही. नॉर्मंडीतल्या पेगॅसस पुलावर ग्लायडरमधून उतरणाऱ्या ब्रिटिशांचा भाग लावा; 6 जूनच्या मध्यरात्रीनंतर सोळा मिनिटांनी पहिला ग्लायडर पुलाजवळ आदळला होता. या प्रसंगाच्या इतिहासात स्टेन, ब्रेन आणि ली-एनफिल्ड एकत्र येतात, म्हणजे आडवं, वरचं आणि खालचं, तिन्ही मॅगझीनं एकाच ठिकाणी. सरावाला याहून चांगली जागा नाही.

स्टेनचे दोन प्रकार वेगळे करा. मार्क दोन: लोखंडी दस्ता, मूठ नाही. मार्क पाच: लाकडी दस्ता, लाकडी मूठ, आणि नळीवर संगीन बसवायची सोय. मार्क पाच 1944 मध्ये विमानातून उतरणाऱ्या तुकड्यांना मिळू लागली. पॅराट्रूपरच्या हातात मार्क दोन दिसली तरी ती चूक नव्हे. दोन्ही वापरात होत्या.

चुकतं ते हाताचं. पडद्यावर जवळजवळ प्रत्येक नट डाव्या हाताने आडवं मॅगझीन घट्ट धरतो, कारण तिथे धरायला काहीतरी आहे असं दिसतं. प्रत्यक्षात त्या दाबाने मॅगझीन किंचित तिरकं होतं, काडतूस नळीच्या तोंडाशी सरळ येत नाही आणि बंदूक अडकते. हात असायचा नळीभोवतीच्या आवरणावर. स्टेनचं मॅगझीन मुळातच नाजूक प्रकरण: आत काडतुसं दोन रांगांत, पण बाहेर पडताना एकाच तोंडातून. थोडी माती गेली तरी त्या अरुंद जागी सगळं थांबतं. म्हणून 32 ऐवजी दोन-चार कमीच भरायचा रिवाज होता.

मॅगझीन खाली: इथे गल्लत होते

खाली लटकणारं मॅगझीन पाच शस्त्रांना आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

एमपी-40. जर्मन, 9 मिलिमीटर, लांब सरळ मॅगझीन 32 गोळ्यांचं, लाकूड अजिबात नाही. खाली दुमडणारा लोखंडी दस्ता आणि नळीखाली एक आडवी पट्टी, टोकाशी आकड्यासारखी. चिलखती गाडीच्या काठावर नळी टेकवून झाडताना बंदूक आत घसरू नये म्हणून ती पट्टी. अंधारातही ती दिसली की शंका उरत नाही. हिला 'श्मायसर' म्हणायची सवय दोस्त सैन्यापासून आजतागायत चालू आहे, पण ह्यूगो श्मायसरने ही बंदूक रचलेली नव्हती. आराखड्याचं श्रेय हाइनरिश फोल्मर यांना जातं. आणि चित्रपटांतली सर्वात मोठी अतिशयोक्ती हीच: दिसेल त्या जर्मनाच्या हातात एमपी-40. प्रत्यक्षात ती मुख्यतः तुकडीच्या म्होरक्याकडे असे. बाकीच्यांकडे बोल्टची रायफल.

थॉम्पसन, म्हणजे टॉमी गन. .45 च्या जाड गोळीची, लाकडी दस्त्याची, जड. 1928 च्या नमुन्याचा बोल्ट ओढायचा खटका माथ्यावर, नळीला कंगोरे आणि तोंडाशी फटी असलेलं नळकांडं. नंतरच्या एम-1 आणि एम-1ए1 मध्ये खटका उजव्या बाजूला गेला, नळी गुळगुळीत झाली, तोंडावरचं नळकांडं गेलं. गोल डबी, 50 गोळ्यांची, जुन्याच नमुन्याला बसते. एम-1ए1 ला फक्त 20 किंवा 30 चं सरळ मॅगझीन. तेव्हा उजवीकडे खटका आणि खाली गोल डबी असं एकत्र दिसलं तर शस्त्रविभागाने दोन बंदुकांची एक केली आहे.

या बंदुकीशी महाराष्ट्राचं नातं आहे, आणि तेही मॅगझीनपाशीच. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. नंतर ते शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. थॉम्पसनचा वेग मिनिटाला साधारण 700 गोळ्या. 20 चं मॅगझीन सलग झाडलं तर दोन सेकंदही टिकत नाही. पडद्यावर नट दहा सेकंद टॉमी गन चालवतो तेव्हा हे आठवावं.

बीएआर, म्हणजे ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल. अमेरिकन तुकडीची हलकी मशीनगन म्हणून वापरली जाणारी, जवळजवळ नऊ किलोंची लांब रायफल. मॅगझीन 20 चं, खाली, आखूड. नळीच्या तोंडाशी दोन पाय. ब्रेनशी गल्लत होऊ नये: ब्रेनला वर, हिला खाली. हिची नळी पटकन बदलता येत नाही, त्यामुळे सलग मारा हिच्या स्वभावात नाही.

एम-1 कार्बाइन. हलकी, अडीच किलोंच्या आसपास, 15 गोळ्यांचं छोटं सरळ मॅगझीन. नावात एम-1 असलं तरी गॅरंडची ही धाकटी बहीण नव्हे. काडतूस वेगळं, रचना वेगळी. पॅराट्रूपरसाठी दुमडणाऱ्या तारेच्या दस्त्याची आवृत्ती होती. काळाची सर्वात हमखास चूक याच बंदुकीत सापडते. नळीखाली संगीन अडकवायची खुंटी दिसली, किंवा खाली 30 गोळ्यांचं वक्र मॅगझीन दिसलं, तर ती जून 1944 ची नाही. दोन्ही सोयी त्यानंतरच्या. युद्धानंतर दुरुस्तीला गेलेल्या बहुतेक कार्बाइनना ती खुंटी बसवली गेली, आणि चित्रपटांना भाड्याने मिळाल्या त्या याच.

पाचवी ली-एनफिल्ड. हिचं मॅगझीन चापाच्या पुढे खाली आलेल्या पाचरीसारखं, 10 गोळ्यांचं. ते काढून बदलत नाहीत. पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबून भरतात. हिची गोष्ट बोल्टशी निगडित आहे.

मॅगझीन दिसतच नाही

दोन रायफली. जर्मन कार-98के आणि अमेरिकन गॅरंड. एकीला हाताने बोल्ट ओढावा लागतो, दुसरी प्रत्येक चापाला स्वतःच पुढचं काडतूस घेते.

कार-98के मध्ये पाच काडतुसं पोटात बसतात. कडेने दिसणारी उत्तम खूण दस्त्यावर आहे: दस्त्याला आरपार खाच, त्यातून पट्टा डाव्या बाजूने जातो, आणि शेजारी लोखंडी गोल चकती, मधे भोक असलेली. ली-एनफिल्डचा पट्टा खालच्या अंगाला. पाठमोरा पळणारा सैनिकही यावरून ओळखता येतो.

बोल्टकडे बघा. माउझरच्या, म्हणजे या कार-98के च्या, बोल्टची मूठ काटकोनात वर उचलावी लागते आणि तो बराच मागे येतो; बहुतेकांना डोकं जरा मागे घ्यावं लागतं. ली-एनफिल्डची मूठ कमी उचलावी लागते, अंतर कमी, आणि घोडा चढतो बोल्ट पुढे ढकलताना. हात सराईत असेल तर रायफल खांद्यावरून न काढता पुढची गोळी तयार. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला 15 नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे, ती या बोल्टच्या जिवावर.

आता तो प्रसंग लावा ज्याच्यासाठी हा चित्रपट लक्षात राहतो. रात्री विखुरलेल्या अमेरिकन पॅराट्रूपरना ओळख पटवायला पत्र्याचं छोटं खेळणं दिलेलं असतं, दाबलं की टिक्-टॅक् वाजणारं. एकदा वाजवायचं, समोरून दोनदा वाजलं तर आपला माणूस. एक सैनिक भिंतीआडून वाजवतो. उत्तरादाखल दोन खटके ऐकू येतात. तो निर्धास्त उभा राहतो आणि गोळी लागून पडतो. ते दोन खटके खेळण्याचे नव्हतेच. समोरचा जर्मन कार-98के चा बोल्ट मागे-पुढे करत होता. हा भाग डोळे मिटून तीन-चारदा ऐका. बोल्टचा पहिला आवाज उचलून मागे ओढण्याचा, दुसरा पुढे ढकलून खाली दाबण्याचा. लोखंडाचा जड, घासत आलेला. खेळण्याचा आवाज पातळ, टणक, लगेच तुटणारा. एकदा कानात बसला की अंधाऱ्या प्रसंगांत बंदूक न दिसताही कोणती ते सांगता येतं.

गॅरंड जवळून

अमेरिकन सैन्य उतरलं त्या ओमाहा किनाऱ्याच्या प्रसंगांत हीच सर्वत्र आहे. जाडजूड, साडेचार किलोंच्या आतबाहेर, नळीखाली तोंडापर्यंत गेलेली दुसरी नळी, म्हणजे गॅसचं नळकांडं. उजव्या बाजूला एक लोखंडी दांडा, जो प्रत्येक बारासरशी मागे जाऊन पुढे येतो. हा दांडा हलताना दिसला की गॅरंड, हात बोल्टकडे गेला की नाही.

भरण्याची पद्धत बघण्यासारखी. आठ काडतुसं पोलादी क्लिपमध्ये आवळलेली असतात. सैनिक उजव्या तळव्याच्या कडेने दांड्याची मूठ मागे दाबून धरतो आणि अंगठ्याने क्लिप, काडतुसांसकट, वरून आत रेटतो. क्लिप बसताक्षणी बोल्ट सुटायला मोकळा होतो. तळवा आधी सुटला आणि अंगठा आत राहिला तर बोल्ट अंगठ्यावर आपटतो. अमेरिकन सैन्यात या दुखापतीला 'एम-1 थंब' असं नावच पडलं होतं. चित्रपटात नट क्लिप घालताना हात कसा काढतो ते पाहा. ज्याला शिकवलंय तो अंगठा झटकन वर आणि उजवीकडे काढतो, न शिकवलेला बोटं घाबरत आत घालतो आणि कॅमेरा सोयीने दुसरीकडे वळतो.

आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप 'टिंग' आवाज करत वर उडते. हा आवाज ऐकून शत्रू अंगावर धावून येत असे, ही कहाणी सर्रास सांगतात. ती फारशी विश्वासार्ह नाही: लढाईच्या गदारोळात काही पावलांवरून तो आवाज ऐकू येणं कठीण, आणि गॅरंडवाला एकटा नसतो. पण ओळखीसाठी 'टिंग' सोन्यासारखा. मोजणी सोपी होते: टिंगच्या आधी आठ बार. सात किंवा अकरा मोजले गेले तर आवाज स्टुडिओत चिकटवलाय.

पट्टा

जर्मन बाजूला एमजी-34 किंवा एमजी-42. वेगळं करायला नळीभोवतीचं आवरण बघा: 34 ला गोल भोकं, 42 ला लांबट चौकोनी फटी. गोल भोकं अमेरिकन ब्राउनिंग एम-1919 लाही असतात, पण तिला खांद्याचा दस्ता सहसा नसतो, तिवईवर बसलेली चौकोनी पेटी आणि मागे मूठ, एवढंच. पाण्याच्या जाड नळकांड्यात नळी लपलेली असेल तर ती ब्रिटिश व्हिकर्स किंवा अमेरिकन एम-1917.

एमजी-42 चा वेग मिनिटाला 1200 च्या घरात, म्हणजे सेकंदाला 20 गोळ्या. कानाला वेगवेगळे बार ऐकूच येत नाहीत, जाड कापड एका दमात टरकावल्यासारखा आवाज येतो. जुन्या चित्रपटांत मात्र बहुतेक वेळा संथ 'डग-डग-डग' ऐकू येतं, कारण आवाज दुसऱ्याच मशीनगनचा लावलेला असतो. डोळ्यांवर विश्वास ठेवा, कानांवर नको. 50 गोळ्यांचा पट्टा अडीच सेकंदांत संपतो. काही पट्टे सलग झाडले की नळी लाल होते आणि बदलावी लागते. आवरणाच्या उजव्या बाजूची मोठी खाच त्यासाठीच. नळी न बदलता मिनिटन् मिनिट मारा करणारा बंकर फक्त पडद्यावर असतो.

मोजणी

घड्याळ लावून मोजा. सलग झाडताना मॅगझीन किती टिकतं याचा ढोबळ हिशोब असा:

- एमपी-40, 32 गोळ्या, मिनिटाला सुमारे 500: चार सेकंद
- स्टेन, 30 गोळ्या, सुमारे 550: सव्वातीन सेकंद
- थॉम्पसन, 30 गोळ्या, सुमारे 700: अडीच सेकंद
- ब्रेन, 28 गोळ्या, सुमारे 500: साडेतीन सेकंद

मधे दृश्य कापलं गेलं असेल तर मोजणी तिथेच सोडा. कापलेल्या दृश्यात नटाने मॅगझीन बदललं असू शकतं. एकाच अखंड दृश्यात मोजलेलं तेवढंच धरायचं.

पिस्तुलांवर फार वेळ देऊ नये. लुगरच्या माथ्यावर गुडघ्यासारखा वर मोडणारा सांधा, पी-38 च्या मागे उघडा घोडा, अमेरिकन 1911 चा जाड सरळ माथा, ब्रिटिशांकडे बहुधा सहागोळी रिव्हॉल्व्हर. एवढ्यावर भागतं. ओळखणं कठीण वाटलं तर अधिकाऱ्याच्या कमरेची पिशवी बघा, तीही बरंच सांगते.

खोटी काडतुसं आणि हातबॉम्ब

चित्रीकरणात कोरी काडतुसं वापरतात, टोकाला गोळीच नसते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, बंदुकीला धक्का नसतो. नटाचा खांदा हलत नाही. दोन, आपोआप चालणाऱ्या बंदुकीला पुरेसा दाब मिळत नाही, म्हणून तिच्या नळीचं तोंड आतून अरुंद केलेलं असतं. अगदी जवळच्या दृश्यात नळीचं भोक संशयास्पद लहान दिसतं ते त्यामुळे. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला याची गरज नसते, म्हणून कार-98के आणि ली-एनफिल्डची तोंडं खरी दिसतात. उडणाऱ्या पुंगळीचं टोक चुरगळून मिटवल्यासारखं दिसलं तर तीही कोऱ्या काडतुसाची निशाणी.

जर्मन लाकडी दांड्याचा हातबॉम्ब फेकण्याआधी दांड्याच्या बुडाचं झाकण फिरवून काढायचं, आतली दोरी खेचायची, मग चार-पाच सेकंद. पडद्यावर बरेचदा झाकण तसंच असतं आणि सैनिक नुसता फेकतो. ब्रिटिश मिल्स बॉम्बची पिन दातांनी काढणं हा तर सिनेमाचा लाडका खोटेपणा. पिनची टोकं वाकवलेली असतात. जोर लावला तर आधी दात जाईल. आणि स्फोट: खऱ्या हातबॉम्बचा काळा-करडा धूर, माती आणि एक तीक्ष्ण आवाज. नारिंगी आगीचा लोळ उठला तर तो पेट्रोलचा.

किनाऱ्यावर लांब नळ्या एकमेकींना जोडून काटेरी तारेखाली सरकवणारे सैनिक दिसतील. ती बंदूक नव्हे, बंगलोर टॉर्पेडो. नाव योगायोगाने पडलेलं नाही: 1912 मध्ये मद्रास सॅपर्सचे कॅप्टन मॅकक्लिंटॉक यांनी ती बंगलोरमध्येच तयार केली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन नळीची लांबी साधारण दीड मीटर, म्हणून एका माणसाच्या हाती एकच तुकडा दिसतो आणि जोडायला दुसरा लागतो.

आपल्याकडच्या चित्रपटांत

थ्री नॉट थ्री हे नाव मराठी माणसाला परकं नाही. पोलिसांच्या खांद्यावर आणि एनसीसीच्या परेडला ती वर्षानुवर्षं दिसली. पण ती बहुधा ली-एनफिल्डचा जुना नमुना, नंबर एक मार्क तीन, भारतात इशापूरला बनलेली. तिचं तोंड बसकं: नळी आणि पुढचं लोखंडी टोपण एका रेषेत संपतं. नेम धरायचं मागचं दर्शक नळीवर, हाताच्या पुढे. 'द लाँगेस्ट डे' मधल्या काळात ब्रिटिशांकडे आलेला नंबर चार वेगळा: नळीचा बोटभर तुकडा पुढे निघालेला, मागचं भोकाचं दर्शक डोळ्याजवळ, आणि संगीन लांब पात्याची नाही, खिळ्यासारखी. नॉर्मंडीच्या ब्रिटिशाच्या हाती बसकं तोंड दिसलं तर थांबून पुन्हा बघा.

इशापूरने साठच्या दशकात याच जुन्या नमुन्याची 7.62 ची रायफल केली, 2ए आणि 2ए1. लांबून ती थ्री नॉट थ्रीच वाटते. फरक पुन्हा मॅगझीनमध्ये: पाचरीऐवजी चौकोनी डबा, 12 गोळ्यांचा. स्वातंत्र्यपूर्व काळ दाखवणाऱ्या चित्रपटात इंग्रज शिपायाच्या हाती चौकोनी डबा दिसणं ही सर्रास सापडणारी चूक.

1971 चं युद्ध असेल तर भारतीय पायदळाकडे मुख्यतः एसएलआर हवी: लांब, वर उचलायची मूठ, 20 चं सरळ मॅगझीन. पाठीवर मॅगझीनची एलएमजी (हलकी मशीनगन, म्हणजे ब्रेनच), वक्र किंवा जवळजवळ सरळ, दोन्ही त्या काळाला चालतात. आणि जवानाच्या रायफलीत अर्धपारदर्शक प्लास्टिकचं मॅगझीन दिसलं, आतली पितळी काडतुसं झळकताना, तर ती इन्सास. ती सैन्यात आली नव्वदच्या दशकात.